उशिरा कळलेल्या भेटीचे आभार

पत्राचा सारांश: पत्रलेखक एका धार्मिक परंपरेत अनेक वर्षे अध्यापन करणारे, साठी ओलांडलेले गुरू आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेले, ग्रंथ ठेवून वाचायचे उतरत्या फळीचे लाकडी मेज त्यांना भेट दिले. त्या दिवशी अनेकांनी काही ना काही आणले होते. त्या गर्दीत गुरूंनी मान वर न करताच 'ठेव तिकडे' एवढेच म्हटले. त्यानंतर वर्षभराने विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून गेला. भांडण झाले नव्हते, पण पुढे संपर्कही राहिला नाही. मेज मात्र रोज वापरात राहिले. यंदा त्याची फळी ढिली झाली, म्हणून ते सुताराकडे दिले आणि तेवढ्यापुरते दुसरे, साधे मेज घेतले. आठवडाभरात मान दुखू लागली. मेज पाहून सुताराने विचारले, "हे कोणी मापून केले? फळीला डावीकडे मुद्दाम कल दिला आहे. वाचणाऱ्याला उजव्या डोळ्याने कमी दिसते का?" पत्रलेखकांना उजव्या डोळ्याने खरोखरच कमी दिसते, आणि हे त्यांनी वर्गात कधीच कोणाला सांगितले नव्हते. आता त्यांना आभार मानायचे आहेत. एक सहकारी म्हणतात, गुरूने शिष्याचे आभार मानायचे नसतात, आणि इतक्या उशिरा मानले तर त्याला परत बोलावण्याचा हेतू दिसेल. दुसरे म्हणतात, वार्षिक मेळाव्यात बोलावून त्याचा जाहीर सत्कार करावा. पत्रलेखक विचारतात: "मी काय करावे? आणि माझ्या त्या दोन शब्दांमुळेच तो गेला असेल का?"

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा 'ठेव तिकडे' या शब्दांपाशी थांबले. त्या दिवशी इतरांनी काय आणले, कोण काय बोलले, यातले काही आपल्याला आठवत नाही, पण स्वतःचे हे दोन शब्द मात्र जसेच्या तसे आठवतात. ते मनात किती खोल रुतले आहेत हे यावरून कळते. माझे मत आधीच सांगून टाकते: आपण त्याला लिहावे, आणि लवकर लिहावे. मात्र काय लिहावे आणि काय मुळीच लिहू नये, याचा विचार आधी करायला हवा, कारण उशिरा मानलेले आभार चुकीच्या रीतीने मानले गेले, तर ज्याने दिले त्याच्याच डोक्यावर ते नवे ओझे ठेवतात.

पहिल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मी सहजी बाजूला सारणार नाही. शिष्य जे देतो ती सेवा असते आणि ती स्वीकारणे हाच तिचा मान असतो, या विचारामागे मोठी परंपरा आहे. देणाऱ्याला देण्यातच जे मिळायचे ते मिळते, घेणाऱ्याने आभार मानले की त्याचा व्यवहार होतो, असे मानणारे लोक सर्वच धर्मांत आढळतात, आणि त्यांतले कित्येक मनापासून तसे मानतात. पण आभार मानू नयेत आणि काहीच बोलू नये, या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात त्या एक झाल्या आहेत. आपली परंपरा कोणती हे आपण पत्रात लिहिले आहे, पण ओळख राखण्यासाठी मी ते येथे देत नाही आणि उदाहरणेही निरनिराळ्या परंपरांतून घेते. बौद्ध भिक्खू दान मिळाल्यावर रूढ अर्थाने आभार मानत नाहीत, ते अनुमोदन करतात, म्हणजे देणाऱ्याच्या पुण्यकर्माबद्दल आनंद व्यक्त करतात. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात याची हकिकत आहे. भिक्खू भोजन करून काही न बोलता निघून जातात, अशी तक्रार लोकांनी केली, आणि ती कानावर आल्यावर बुद्धांनी भोजनानंतर अनुमोदन करण्याची मोकळीक दिली. देणाऱ्याला ते मौन खुपले होते आणि ते खुपणे रास्त मानले गेले, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

गुरुशिष्य परंपरेचाच दाखला हवा असेल, तर कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गातली कौत्स नावाच्या शिष्याची कथा पाहावी. गुरू वरतंतूंनी चौदा विद्यांपोटी चौदा कोटी मुद्रा मागितल्या आणि कौत्स त्या मागायला रघुराजाकडे गेला, एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. त्याआधीचा एक श्लोक मात्र सहसा लक्षात राहत नाही. कौत्साने दक्षिणेविषयी प्रथम विचारले, तेव्हा इतकी वर्षे न चुकता केलेली तुझी भक्तिपूर्ण सेवा हीच मी दक्षिणा मानतो, असेच गुरूंनी त्याला सांगितले होते. कौत्साने पुन्हा पुन्हा आग्रह धरला म्हणून ते रागावले आणि मग तो आकडा आला. शिष्याने काय दिले आहे हे गुरूने ओळखावे आणि त्याच्यापाशी बोलून दाखवावे, यात त्या कथेला काही वावगे वाटलेले नाही. मग आपल्याला का वाटावे?

आपल्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, सारांशात मी ते घेतले नाही. आपण लिहिता, "भेट मला नव्हती, मी ज्या आसनावर बसतो त्याला होती, असे मी तेव्हा मनाशी म्हटले असेन." अनेक धर्मगुरूंची ही मनोमन समजूत असते आणि तिच्यात नम्रताही असते, कारण जे येते ते सगळे स्वतःचे मानणाऱ्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत. आपल्या मेजाच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. आसनाला काही उजव्या डोळ्याने कमी दिसत नाही, ते आपल्याला दिसते. त्या मुलाने वर्गात बसून, आपण पान उलटताना मान कशी वळवता, ग्रंथ कोणत्या बाजूला सरकवता, हे दिवसेंदिवस पाहिले असणार, कोणालाही न विचारता त्यामागचे कारण ओळखले असणार, आणि मग तेवढाच कल त्या फळीला दिला असणार. आपल्या जागी दुसरे कोणी आले, तर ते मेज त्यांना अडचणीचे होईल. इतकी नेमकी वस्तू एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेली असते, आणि तिचे उत्तरही माणसानेच द्यायचे असते. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, अबू दाऊद आणि तिर्मिझी या दोन्ही संग्रहांत आहे. देवाच्या नावाने स्वीकारले म्हणून माणसाचे देणे फिटत नाही, हा तिचा रोख आपल्या प्रश्नाला अगदी लागू पडतो.

आता उशिराविषयी. सहा वर्षे हा काळ थोडा नाही, आणि 'फार काही उशीर झालेला नाही' असे सांगून मी आपली खोटी समजूत काढणार नाही. त्या दिवशी दोन वाक्ये बोलला असतात, तर ती त्याला त्या वयात, त्या क्षणी मिळाली असती. ती वेळ गेली. पण त्या दिवशी आपण काय म्हणाला असतात, याचाही विचार करा. मेज सुबक झाले आहे, मेहनत दिसते, असेच काहीतरी म्हणाला असतात, कारण फळीचा कल तेव्हा आपल्याला कळलेलाच नव्हता. पाली ग्रंथांत जगात दुर्मीळ अशा दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख येतो. पहिला 'पुब्बकारी', म्हणजे आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि दुसरा 'कतञ्ञू कतवेदी', म्हणजे केलेले जाणणारा आणि ते जाणले आहे हे कळवणारा. आपला 'कृतज्ञ' हा शब्दही तोच आहे, कृत जाणणारा. जाणणे आधी येते, कळवणे नंतर. आपल्याकडून जाणायलाच सहा वर्षे लागली, म्हणजे खऱ्या अर्थाने आभार मानण्याजोगे काही आपल्यापाशी आले ते आत्ता, त्या सुताराच्या प्रश्नानंतर. त्या दिवशीचे औपचारिक आभार राहून गेले याची खंत असू द्या, पण आज आपण जे लिहू शकता ते त्या दिवशी लिहूच शकला नसता.

इतक्या वर्षांनी लिहिले तर विचित्र वाटेल, ही भीती आपल्या एकट्याची नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये याच भीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना कोणाचे तरी आभार मानणारे पत्र लिहायला सांगितले, ते मिळाल्यावर समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज आधी नोंदवून घेतला, आणि मग ज्यांना पत्रे मिळाली त्यांनाही विचारले. समोरच्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी. लिहिणारा आपले शब्द नीट जमले की नाही या विवंचनेत असतो; वाचणाऱ्यापर्यंत मुख्यतः त्यामागची आपुलकी पोहोचते. आपला विद्यार्थी कसा आहे हे मला ठाऊक नाही, त्यामुळे या अभ्यासाचा निष्कर्ष त्याला लागू पडेलच असे मी म्हणत नाही. पण 'विचित्र वाटेल' हे एकच कारण आपल्याला अडवत असेल, तर ते पुरेसे नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न हेतूचा आहे. मनावरचे ओझे उतरवायचे आहे, असे आपण पत्रात तीन ठिकाणी लिहिले आहे. आपण एरवीही 'आभार' म्हणतो, 'उतराई' म्हणतो, 'ऋण फेडले' म्हणतो, आणि या सगळ्या शब्दांत डोक्यावरचे काहीतरी खाली ठेवण्याची घाई असते. आपल्या डोक्यावरचे उतरेल हो, पण ते ठेवणार कोठे, याचाही विचार हवा. 'मी तुझ्याशी असा वागलो, मला झोप लागत नाही, तू मला क्षमा कर' असे पत्र त्याला गेले, तर आपली समजूत काढण्याचे काम त्याच्यावर येईल, आणि गुरूला क्षमा न करण्याची मुभा शिष्याला सहसा वाटत नाही. ते पत्र भेटीचे राहणार नाही, ते आपल्या अपराधाचे होईल.

तो आपल्या त्या शब्दांमुळे गेला का, या प्रश्नाकडेही मी याच नजरेने पाहते. गेला असेल, किंवा नसेलही. तो आणखी वर्षभर शिकत राहिला होता, हे आपणच लिहिले आहे. घर, कमाई, प्रकृती, श्रद्धेत पडलेला फरक, दुसऱ्या कशाची ओढ, अशा अनेक कारणांनी माणसे शिक्षण सोडतात, आणि ती कारणे गुरूला सांगतातच असे नाही. आपल्या दोन शब्दांनी त्याचे आयुष्य वळले, असे मानणे हा पश्चात्ताप वाटतो खरा, पण त्यात त्याच्या निर्णयाच्या मधोमध आपण स्वतःलाच बसवतो. तो निर्णय त्याचा होता. हा प्रश्न पत्रात विचारू नका. त्याला सांगावेसे वाटले तर तो आपण होऊन सांगेल.

कसे लिहावे, याचा विचार करताना मला बायबलमधले, ख्रिस्ती प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पाठवलेले पत्र आठवते. पौल बंदिवासात होता. फिलिप्पै या नगरातील मंडळीने, म्हणजे तेथल्या ख्रिस्ती समुदायाने, एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला भेट पाठवली होती. तिचा मोठा उल्लेख पत्राच्या अगदी शेवटी, चौथ्या अध्यायात येतो, आणि तेथे 'आभार मानतो' हे क्रियापद तो वापरतच नाही. उलट, मी देणगीची अपेक्षा धरतो असे नाही, आहे त्या स्थितीत मी तृप्त राहायला शिकलो आहे, असे सांगतो. अभ्यासकांनी या अवघडलेपणावर पुष्कळ लिहिले आहे. ज्यांना आपण शिकवले त्यांचेच ऋण मान्य करताना धर्मगुरूची जी ओढाताण होते, ती मला त्या ओळींत दिसते, आणि ती आपल्यालाही ओळखीची वाटेल. तरीही त्याच ओळींत तो नेमके तपशील देतो. माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगले केले, असे म्हणतो. देण्याघेण्याच्या बाबतीत तुमच्याखेरीज कोणत्याच मंडळीने मला साथ दिली नाही, असे सांगतो. मी थेस्सलनीकात होतो तेव्हाही तुम्ही एकदा सोडून दोनदा माझी गरज भागवली, याची आठवण देतो. भेट घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता, हे त्याआधीच सांगून झालेले असते. कोणी, कोठे, किती वेळा, आणि त्यासाठी काय सोसून, एवढे सगळे त्याच्या लक्षात आहे. आभाराचा शब्द नसूनही ते पत्र कोरडे वाटत नाही, ते या तपशिलांमुळे.

आपल्यापाशीही तपशील आहेत आणि ते फार सुंदर आहेत. गेली सहा वर्षे रोज मी याच मेजावर वाचले, हे लिहा. आठवडाभर ते नव्हते तेव्हा मान दुखू लागली, हे लिहा. सुताराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. ज्याने ती फळी तासली, त्याला आपला कल कोणा अनोळखी कारागिराने हाताने चाचपून ओळखला हे वाचताना काय वाटेल, याची कल्पना करा. त्या दिवशीच्या वागण्याबद्दल एकच वाक्य पुरे: "तू मेज दिलेस तेव्हा मी नीट पाहिलेही नाही, याचे मला वाईट वाटते." गर्दी होती, मी थकलो होतो, असे पुढे जोडू नका, ते खरे असले तरी त्या वाक्याची ताकद कमी करते. उपदेश नको. आशीर्वाद द्यायची सवय आपल्या हाताला असेलच, पण या एका पत्रात तोही देऊ नका, कारण आशीर्वाद वरून खाली येतो आणि हे पत्र समोरासमोर बसून लिहिलेले वाटायला हवे. 'कधी येऊन जा' हे साधे वाक्यसुद्धा टाळा. परत बोलावण्याचा हेतू दिसेल ही आपल्या सहकाऱ्यांची शंका काढून टाकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे पत्रात त्याच्याकडे काहीही न मागणे, उत्तरदेखील न मागणे. एका पानात हे सगळे बसते, आणि बसवावे.

जाहीर सत्काराला माझा स्पष्ट विरोध आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सत्कारासाठी त्याला प्रवास करून यावे लागेल, मंचावर आपल्यापुढे वाकावे लागेल, शिक्षण का सोडलेस या दहा जणांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागेल, आणि शेवटी गुरू किती मोठ्या मनाचे आहेत असे लोक आपल्यालाच म्हणतील. शिवाय आपली दृष्टी अधू आहे हे त्याने ओळखले आणि गवगवा न करता त्यावर उपाय केला. ते गुपित त्याने सहा वर्षे राखले आहे. ते सभेत सांगायचे का, हे ठरवताना त्याच्या या संकोचाचाही मान ठेवायला हवा.

उत्तर येईल की नाही, हे सांगता येत नाही. कदाचित चार ओळी येतील, कदाचित काहीच येणार नाही, कदाचित त्याच्या मनातला राग येईल. राग आला तर स्वतःची बाजू मांडू नका. 'वाचले, समजले' एवढे कळवा. काही आले नाही तर दुसरे पत्र पाठवू नका. त्यानेही सहा वर्षे आपल्या उत्तराची वाट पाहिली असेल, पण तेवढीच वाट आपल्याला पाहायला लावायची, असा त्याचा हिशेब असेल असे मानू नका. लोक पत्रे जपून ठेवतात आणि उत्तरे देत नाहीत, हे या सदराच्या निमित्ताने मी पुष्कळ पाहिले आहे.

हे सदर विद्यार्थीही वाचतात. आपल्या गुरूंना मनापासून काही दिले आणि त्यांच्याकडून शब्दही आला नाही, अशी पत्रे मला येतात, आणि प्रत्येक पत्रात 'मी अपेक्षा ठेवायला नको होती' असे वाक्य असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस म्हटले आहे, हे त्यांनी कोठेतरी ऐकलेले असते आणि ते त्यांना बोचत असते. त्यांना मी एवढेच म्हणेन की, दिलेले पोहोचले का, उपयोगी पडले का, हे कळावेसे वाटणे म्हणजे परतफेड मागणे नाही. त्यांच्या गुरूंनाही ते मेज अजून कळायचे असेल. कळल्यावर ते सांगतील का, हे मात्र गुरूंच्या हाती आहे, म्हणूनच आपण लिहावे असा माझा आग्रह आहे.

आजच्या वर्गाविषयी एकच सुचवते. यापुढे ज्या दिवशी पुष्कळ भेटी येतील, त्या दिवशी कोणी काय दिले याची नोंद एखाद्या विद्यार्थ्याकडून करून घ्या, आणि त्या आठवड्यात रोज थोडा वेळ काढून एकेक वस्तू हातात घेऊन पाहा. सगळ्यांना लांब पत्रे लिहायची गरज नाही. वस्तू पाहिली आहे हे कळेल असे एक वाक्य, ज्याने दिली त्याच्याशी बोलताना, पुरते.

राहिला पत्त्याचा प्रश्न. त्याच्या बरोबरीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे पत्ता असेल, असे आपण लिहिले आहे. तो मागताना कारण सांगू नका, नाहीतर पत्राआधी बातमी पोहोचेल. संस्थेचे नाव छापलेला कागद घेऊ नका, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. ओळी थोड्या डावीकडे कलल्या तरी चालतील, त्या का कलतात हे त्याला कळेल. पाकीट कार्यालयात देऊ नका, आपण स्वतः जाऊन टपालात टाका.